मैफलीत साथीला असलेल्या कलाकाराने स्वतःचा परिचय कसा लिहावा? १०० शब्दांत मागितलाय

ठेका_नाशिकरोड

नमस्कार मंडळी. मी २७ वर्षांचा, नाशिकरोडला राहतो. दिवसा अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला नोकरी आणि संध्याकाळी पंचवटीत गुरुजींकडे तबला. त्यांच्याकडे शिकतोय त्याला चौदा वर्षं झाली. पुढच्या महिन्यात पुण्याला एका ज्येष्ठ गायिकेच्या मैफलीत साथीला बसायचंय. काल संयोजकांचा व्हॉट्सॲप आला: "परिचय मराठीत, जास्तीत जास्त १०० शब्द, सोबत फोटो, रविवारपर्यंत."

माझ्याकडे एक तयार परिचय आहे. एका स्पर्धेच्या वेळी मित्राने हौसेने लिहून दिला होता, जवळजवळ ६०० शब्दांचा. सुरुवात अशी: "सुप्रसिद्ध युवा तबलावादक अमुक यांना संगीताचे बाळकडू घरातूनच मिळाले. अथक परिश्रम व जिद्दीच्या जोरावर त्यांनी तबलावादनाच्या क्षेत्रात स्वतःचा वेगळा ठसा उमटवला आहे." पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंत तबल्याच्या सातही परीक्षा, साल आणि श्रेणीसकट. मग शाळेतली बक्षिसं, कॉलेजचा युवा महोत्सव, एकल वादनाचे कार्यक्रम, सत्कार.

हाच परिचय गेल्या हिवाळ्यात एका गावी मंचावरून अख्खा वाचला गेला. गायक सत्तरीचे. त्यांनी स्वतःबद्दल दोनच ओळी पाठवल्या होत्या, त्या निवेदकाने वाचल्या आणि मग माझा कागद उघडला. पाच-सहा मिनिटं चालला. तंबोरे जुळवून ठेवलेले होते, थंडी होती, तेवढ्यात एका तंबोऱ्याचा पंचम उतरला. बुवांनी तो मांडीवर घेतला आणि परत जुळवायला बसले. मला काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी डग्ग्याच्या वादीकडे बघत बसलो होतो. पहिली बंदिश संपेपर्यंत माझा हात मोकळा झाला नाही.

तेव्हा आता नव्याने लिहायचं ठरवलंय, पण तीन दिवस नुसता कागद समोर घेऊन बसतोय. स्वतःला "ते", "त्यांनी" म्हणायला जड जातं, "मी" लिहावं का? गुरुजींच्या नावामागे पंडित लावू का? ते स्वतः कधी लावत नाहीत. नोकरीचं लिहावं का? वडील आमच्या सिन्नरकडच्या गावी भजनी मंडळात पखवाज वाजवतात, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर त्र्यंबकला चालत जातात. लहानपणी मीही जायचो, लय माझ्या अंगात तिथून आली. ते घालावं की शास्त्रीय मैफलीत अप्रस्तुत वाटेल? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा.

---

पत्रक_डीटीपी

मी मेनरोडला डीटीपीचं काम करतो, कार्यक्रमांच्या पुस्तिका आणि निमंत्रणपत्रिका बऱ्याच करतो. मजकुरावर बाकीचे बोलतील, मी पाठवण्याबद्दल सांगतो, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. मोबाईलवर मराठीत जे टाइप होतं ते युनिकोडच असतं, तेवढं पुरतं. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली जुनी फाइल आली आणि आमच्या मशीनवर तो फाँट नसला की सगळा मजकूर कचरा दिसतो. मग कोणीतरी तो घाईत पुन्हा टाइप करतं आणि गुरूंच्या आडनावात चूक होते. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला तरी तेच. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला तर जोडाक्षरं आणि वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. तेव्हा साधा मेसेज किंवा ईमेलमध्ये चिकटवलेला मजकूर सगळ्यात बरा.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकला तर तो लहान होऊन येतो आणि छापल्यावर फुटतो. तोच "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मूळ आकारात येतो. तबल्यावर हात असलेला, चेहरा आणि दोन्ही वाद्यं दिसतील असा असावा. डोळे मिटलेला, हात हललेला नको. आणि पाठीमागे दुसऱ्या संस्थेचा बॅनर दिसता कामा नये, तो कापायला गेलो की डग्गा कापला जातो.

१०० शब्द म्हणजे १००. आम्हाला चौकट ठरवून दिलेली असते. १४० पाठवले तर शेवटचे ४० कोणीतरी उडवतं, आणि शेवटीच तुम्ही गुरूंचं नाव लिहिलेलं असतं. मी हे स्वतः पाहिलंय.

---

निवेदन_गोदाकाठ

तुला तू म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

बावीस वर्षं निवेदन करते आहे. कालिदास, सायखेडकर ही नाट्यगृहं, पिंपळपारावरची पाडवा पहाट, देवळांतले उत्सव, कॉलन्यांमधल्या कोजागरी. कागद हातात आला की पहिल्या दोन ओळींत मला कळतं, लिहिणाऱ्याने हा एकदा तरी मोठ्याने वाचलाय की नाही. बहुतेकांनी वाचलेला नसतो. परिचय छापला जातो हे खरं, पण मैफलीच्या दिवशी तो माझ्यासारखीच्या तोंडून बाहेर पडतो आणि लोकांच्या कानावर पडतो. कानाला मागची ओळ परत वाचता येत नाही. "अनेक मान्यवर संस्थांच्या विविध पुरस्कारांनी सन्मानित" असं मी म्हणते तेव्हा समोरचे लोक मोबाईल बंद करत असतात, शेजारच्याला सरकायला सांगत असतात. त्या ओळीत धरून ठेवण्यासारखं काही नसतंच.

मी मंचावर सावकाश वाचते, मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. म्हणजे तुझ्याकडे एक मिनिट आहे. त्या मिनिटात सभागृहातला प्रत्येक माणूस तुझ्याकडे बघत असतो, तू मंचावर बसलेला असतोस. तुझ्या आयुष्याचा हिशेब त्याला नको असतो. हा कोणाकडे शिकला आणि आज इथे काय करणार आहे, एवढं त्याला हवं असतं. जमलं तर कानाने पकडता येईल अशी एखादी गोष्ट.

एक उदाहरण सांगते. एकदा एका सारंगीवादकांचा परिचय माझ्याकडे आला. मोजून सहा वाक्यं. त्यात एक होतं: "सारंगीची तार बोटाच्या टोकाने दाबत नाहीत, ती नखाच्या मुळाशी, बाजूने दाबतात." एवढंच. मी ते वाचलं आणि पुढच्या तीन रांगा अक्षरशः पुढे झुकल्या. सगळे त्यांच्या डाव्या हाताकडे बघायला लागले. आलाप सुरू झाला तेव्हा सभागृह आधीच ऐकत होतं. त्या परिचयात एकही विशेषण नव्हतं आणि एकाही पुरस्काराचं नाव नव्हतं. पुरस्कार त्यांना मिळालेले होते, मला माहीत होतं.

आता तुझ्या जुन्या कागदाबद्दल. त्यात खोटं काही नाही, पण तो एकल वादकाचा आहे. पुण्याला तू साथीला बसणार आहेस. ती मैफल गायिकेची आहे. त्या दिवशी तू स्पर्धेत पहिला आला होतास हे कोणालाच उपयोगाचं नाही, गायिकेला तर मुळीच नाही. तू कोणाकोणाला साथ केलीस, किती वर्षं करतोयस, साथीतलं तुझं बलस्थान काय, हे आधी यायला हवं. एकलचा कार्यक्रम असेल तेव्हा वेगळा परिचय लिही. माझ्या ओळखीचे चांगले साथीदार तीन-तीन परिचय करून ठेवतात आणि दर वर्षी त्यातल्या तारखा तपासतात.

तुझे प्रश्न घेते.

"मी" लिहू नकोस. तो कागद मी वाचणार, आणि माझ्या तोंडी "मी गेली चौदा वर्षे" चालत नाही. अवघडलेपणा जातो तो वाक्य फिरवल्याने. "त्यांनी अमुक मिळवले, त्यांनी तमुक गाजवले" असं लिहिलं की स्वतःला आरती ओवाळल्यासारखं वाटतं. "ते अमुक यांच्याकडे शिकत आहेत, ते साथ करतात" लिहिलं की वाटत नाही. क्रियापद साधं ठेव, मग "ते" टोचणार नाही.

पंडित: गुरुजी स्वतः लावत नसतील तर त्यांना विचार. शिष्याने गुरूंच्या नावामागे आदराने लावायची पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही, पण ज्यांना नको असतं त्यांना खरंच नको असतं. स्वतःच्या नावामागे मात्र कोणीही लावू नये, कागद स्वतः लिहीत असताना तर नाहीच.

सात परीक्षांपैकी शेवटची लिही. विशारद झालास म्हटल्यावर आधीच्या सहा आल्याच. आपल्या गावात तर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते विष्णु दिगंबर पलुस्कर इथे पंचवटीत, रामनाम आधार आश्रमात राहिलेले. पण हाच परिचय उद्या परदेशातल्या मंडळाला पाठवलास तर "विशारद" पुढे अर्धं वाक्य खुलासा लागेल. श्रोता बदलला की कागद बदलतो.

आकाशवाणीची श्रेणी (बी, बी हाय, ए अशी) असेल तर जरूर लिही, कारण ती ऑडिशनने मिळते आणि कोणालाही पडताळता येते. पण श्रेणी नसली म्हणजे माणूस कमी, असं कोणी धरू नये. खूप वर्षांपूर्वी एका वयस्कर हार्मोनियमवादकांचा परिचय एका संयोजकांनी माझ्यासमोर खोडून दोन ओळींवर आणला, का तर "यांना रेडिओची श्रेणी नाही". ज्या वयात त्यांचा हात सगळ्यात चांगला चालत होता त्या वयात रेडिओवर पेटीच वाजत नव्हती. १९४० मध्ये तिला बंदी झाली ती १९७१ मध्ये उठायला लागली. श्रेणी आणणार कुठून? ती बंदी मी त्या दिवशी एका वाक्यात मंचावरून सांगितली. कार्यक्रमानंतर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. परिचयातलं खोडलेलं वाक्य माणसाला किती लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

नोकरीचं लिहिणं तुझ्या मनावर. लाजण्यासारखं त्यात काही नाही, पण "नोकरी सांभाळूनही" अशी दया मागणारी ओळ नको.

वडिलांचा पखवाज या कागदात घालू नकोस. तो विषय मोठा आहे, अर्ध्या ओळीत बसवलास तर नुसता शोभेला उरेल. भजनाचा किंवा पखवाजाचा कार्यक्रम असेल, मुलाखत असेल, तेव्हा सविस्तर सांग. त्र्यंबकची वाट, दिंडीतली चाल, सगळं.

आणि आता मला सांग, गेल्या वर्षभरात गुरुजी तुझ्याकडून काय करून घेतायत?

---

जलरंग_गंगापूररोड

मी चित्रकार, जी. डी. आर्ट. आमच्याकडे परिचय भिंतीवर लागतो. लोक दोन-तीन फुटांवर उभे राहून वाचतात, परत वाचतात, म्हणून आमचं थोडं वेगळं. साल, माध्यम, ठिकाण हवंच. पण एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. एकल प्रदर्शन आणि समूह प्रदर्शन हे वेगळे शब्द आहेत. पंचवीस जणांच्या प्रदर्शनात माझं गोदाघाटाचं एक चित्र होतं, तर "मुंबईत प्रदर्शन भरवले" असं मी लिहिता कामा नये. तुमच्याकडेही असंच असणार. मोठ्या गायकांच्या कार्यशाळेत शिष्यांच्या रियाजाला ठेका धरला तर ती त्या गायकांना केलेली साथ नव्हे. वाचणाऱ्यांत एक जण तरी तिथे हजर असतोच.

वर्तमानपत्रातल्या परीक्षणातलं एखादं वाक्य अवतरणात टाकावं, असं मला वाटतं. दुसऱ्याने केलेलं कौतुक असतं, स्वतःला करावं लागत नाही.

---

निवेदन_गोदाकाठ

भिंतीवर चालेल. मंचावरून वाचताना अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत, ते कौतुक माझंच वाटतं. तबल्याच्या १०० शब्दांत नको. समूह आणि एकल हे मात्र अगदी बरोबर बोललात.

---

ठेका_नाशिकरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून थोडा वेळ थांबलो, कारण त्याचं उत्तर मी कुठेच कधी लिहिलं नव्हतं.

गेली दोन वर्षं गुरुजी माझ्याकडून अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, बारा मात्रांच्या एकतालाचा ठेका करून घेतायत. एकल वादनातले कायदे, रेले, चक्रदार सगळं बाजूला. ते स्वतः बंदिश गुणगुणतात, मी ठेका धरतो, अर्धा-अर्धा तास. लेहरा (आवर्तन दाखवत राहणारी धून) लावायचा नाही. मात्रा इतकी लांब असते की दोन मात्रांच्या मध्ये हात घाईला येतो. चौथ्या मात्रेवरचा "तिरकिट" चार अक्षरांचा, तो सगळ्या मात्रेत सारखा पसरायला हवा. माझा "ति" आणि "र" जवळ पडायचे आणि "किट" मागे रेंगाळायचं. गुरुजी तेवढ्यासाठी थांबवायचे. म्हणायचे, गाणाऱ्याला तिथे जमीन लागते. गेल्या श्रावणात एकदा चाळीस मिनिटं एकदाही थांबवलं नाही. बोलले काही नाहीत, चहा टाकायला उठले.

आता हा मसुदा, ताई:

"अमुक हे नाशिकचे तबलावादक असून गेली चौदा वर्षे गुरुवर्य अमुक यांच्या मार्गदर्शनाखाली तबल्याचे धडे गिरवत आहेत. त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही पदवी २०१९ मध्ये प्रथम श्रेणीत संपादन केली असून ते आकाशवाणीचे बी हाय श्रेणीचे मान्यताप्राप्त कलाकार आहेत. त्यांनी नाशिक, पुणे, धुळे, जळगाव येथे अनेक नामवंत गायकांना समर्थ साथसंगत केली आहे. अतिविलंबित लयीतील ठेका हे त्यांच्या वादनाचे खास वैशिष्ट्य मानले जाते."

---

निवेदन_गोदाकाठ

मोठ्याने वाचला. ६०० वरून इथवर आलास, हे मोठं काम झालं. आता थोडं जवळून बघू.

"असून" दोनदा आलाय. छापील मराठीत खपतो, बोलताना त्यावर श्वास अडकतो. तिथे पूर्णविराम दे. "मार्गदर्शनाखाली धडे गिरवत" म्हणजे नुसतं "शिकत" ना? मग तेच लिही. मार्गदर्शन आठ दिवसांच्या शिबिरातही मिळतं, चौदा वर्षं शिकणं निराळं. तुझ्याकडचं सगळ्यात वजनदार वाक्य तूच हलकं करतोयस.

"समर्थ" काढ. साथ समर्थ आहे की नाही ते गायिका ठरवेल. "अनेक नामवंत" काढ आणि आकडा घाल. डायरी असेल तर मोजून खरा आकडा घाल. नसेल तर किती वर्षं करतोयस ते लिही.

"मानले जाते" हे कोण मानतं? दोन वर्षं तू तो ठेका घोटतोयस, हे सांगायला कोणाच्या मान्यतेची गरज नाही. आणि ऐकणाऱ्याला त्यातून काहीतरी दे. अतिविलंबित म्हणजे किती विलंबित, हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. तू घड्याळ लावून बघ, एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, किती वेळ चालतं, आणि ते लिही. मग लोक समेची, म्हणजे फेरीच्या पहिल्या मात्रेची, वाट बघतील, आणि ती वाट बघायला लावणं गायिकेलाही हवंच असेल.

मी असा केला:

"अमुक गेली चौदा वर्षे नाशिकला अमुक यांच्याकडे तबला शिकत आहेत. ख्यालगायनाची साथ हा त्यांच्या आवडीचा विषय आहे. गेल्या सहा वर्षांत नाशिक, पुणे, धुळे आणि जळगाव इथल्या मैफलींत त्यांनी गायकांना साथ केली आहे. आकाशवाणीचे ते बी हाय श्रेणीचे कलाकार आहेत. २०१९ मध्ये ते गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबला विशारद परीक्षा उत्तीर्ण झाले. अतिविलंबित एकतालाच्या ठेक्याचा त्यांनी विशेष अभ्यास केला आहे. या लयीत बारा मात्रांचे एकच आवर्तन जवळजवळ एक मिनिट चालते."

सहा वर्षं मी अंदाजाने घातलीत, तुझी तू दुरुस्त कर. शेवटचं वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलंय. ते वाचून मी थांबले की तंबोरे ऐकू यायला हवेत.

एक विसरू नकोस: आडनावाचा आणि गुरुजींच्या नावाचा उच्चार व्हॉइस मेसेजमध्ये स्वतः बोलून पाठव. पुण्याच्या निवेदिकेला "च" दंततालव्य की तालव्य हे लिहून कळत नाही.

---

ठेका_नाशिकरोड

काल संध्याकाळी गुरुजींना वाचून दाखवला. आवर्तन मोजलं, ५२ सेकंद आलं, म्हणून "पन्नास सेकंदांहून जास्त चालते" असं केलं. सहा वर्षं नव्हे, डायरीप्रमाणे पाच, आणि मैफली ३८. तो आकडा घातला. गुरुजींनी पूर्ण ऐकून घेतला आणि एकच शब्द काढायला सांगितला, "विशेष अभ्यास" मधला "विशेष". म्हणाले, अजून चालू आहे ना? मग "अभ्यास करत आहेत" लिही. पंडितचं विचारलं तर नुसती मान हलवली, नको म्हणून. तसंच ठेवलं.

बायकोने मोबाईलवर वेळ लावली, सावकाश वाचून ४६ सेकंद. मजकूर मेसेजमध्ये चिकटवला, फोटो डॉक्युमेंट म्हणून, दोन्ही नावांचे उच्चार बोलून, असं सगळं आत्ता पाठवलं. गायिकाबाईंनाही एक प्रत पाठवली, त्यांना आधी कळलेलं बरं. त्यांचं उत्तर आलं: "एकतालच घेऊ सुरुवातीला."